पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर सतरा सप्टेंबरला पुन्हा का?

प्रश्न (शिक्षिका, हदगाव):
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला इतिहास शिकवते. परवाच्या झेंडावंदनानंतर एका मुलीने विचारले, की महिनाभराने, १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, आपण पुन्हा झेंडा लावतो, मग पैनगंगेपलीकडे उमरखेडला माझ्या मामाच्या शाळेत तो का लावत नाहीत? १५ ऑगस्ट ही तारीख कोणी ठरवली आणि त्या दिवशी आपल्या भागात काय चालले होते, हे मुलांना नीट समजावून सांगायचे आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई):
ताई, आधी तारखेविषयी लिहितो. ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी सत्तांतरासाठी जून १९४८ ही मुदत जाहीर केली होती. माउंटबॅटन यांनी ती अलीकडे आणली आणि १५ ऑगस्ट हा दिवस निवडला, कारण ते आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती असताना १९४५ साली याच तारखेला जपानने शरणागती जाहीर केली होती. आपल्या नेत्यांच्या मनातला दिवस मात्र वेगळा होता. १९३० पासून दर २६ जानेवारीला गावोगावी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली जात असे, आणि तिचा मान राखण्यासाठीच २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेले संविधान दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणे अमलात आणले गेले.

या घाईची झळ लोकांना बसली. फाळणीची सीमारेषा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर जाहीर झाली, आणि बंगालच्या नदिया जिल्ह्यातील काही भाग त्यानंतर भारतात आला. तिथे आजही काही ठिकाणी १८ ऑगस्टला झेंडा लावतात. उशिरा आलेला दिवस पाळणारे आपण एकटे नाही, हे मुलांना आवर्जून सांगा.

उत्तर (स्थानिक इतिहासाचा अभ्यासक, नांदेड):
त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पैनगंगेतच आहे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. तिथले राजे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच फर्मान काढून आपण कोणत्याही देशात सामील होणार नसल्याचे जाहीर केले होते, त्यामुळे १५ ऑगस्टला औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाचही जिल्हे भारताबाहेर राहिले. वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांतातून चालत असल्याने उमरखेडला तिरंगा चढला, आणि अलीकडच्या काठावर तोच तिरंगा लावायला बंदी होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ, जे पूर्वी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवत, त्यांना त्याच दिवशी अटक झाली. पुढे वर्षभर उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढा चालला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्गचा पूल ताब्यात घेतला आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. जुनी माणसे याला आजही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात.

एक मत मांडतो. रझाकारांचे, म्हणजे निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र संघटनेचे, अत्याचार आपण शिकवतोच. पण त्यानंतर निरपराध मुस्लिम कुटुंबांवर जे ओढवले आणि ज्याची नोंद भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली, तेही मोठ्या वर्गांत सांगितले पाहिजे. तो आपल्याच गावांचा इतिहास आहे.

शिक्षिका, हदगाव:
मनापासून आभार. झेंड्याविषयीही कोणी लिहावे. २६ जानेवारीला तो वेगळ्या पद्धतीने लावतात असे मुले म्हणतात.

उत्तर (शाळेतील क्रीडाशिक्षक, परभणी):
मुले बरोबर सांगतात. १५ ऑगस्टला झेंडा खांबाच्या तळापासून दोरीने वर चढवायचा असतो. २६ जानेवारीला तो घडी घालून, आत फुलांच्या पाकळ्या ठेवून, सुरगाठीने आधीच टोकाशी बांधलेला असतो आणि दोरी ओढली की जागेवर उलगडतो. गाठ फार घट्ट मारली तर झेंडा वरच अडकतो, म्हणून आदल्या दिवशी दोनदा सोडून पाहावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा १५ नव्हे, १६ ऑगस्ट १९४७ रोजी फडकावला. आपल्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतही खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. हदगावहून नांदेड जवळ आहे. शाळेची सहल काढणार असाल तर समितीकडे आधी पत्र देऊन परवानगी घ्यावी आणि तिथले काम मुलांना दाखवावे.