विषय: इंदूरच्या कॅन्सर रुग्णालयाला मदत: यंत्र, खोल्या की संशोधन?

खजिनदार, मंडळ कार्यकारिणी:

सर्वांना नमस्कार. अमेरिकेतल्या आपल्या मंडळाचा यंदाचा मदतनिधी इंदूरला, कॅन्सरच्या उपचारांसाठी द्यायचं सभेत ठरलं. तिथलं एका ट्रस्टचं रुग्णालय रेडिएशनचा नवा विभाग उभारतंय. बऱ्याच जणांचं म्हणणं, एखादं यंत्र देऊ, पाटीवर मंडळाचं नाव लागेल. ठराव लिहिण्याआधी जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं: पैसे पाठवायचे कसे, आणि कशासाठी?

उत्तर (सीए, सभासद):

काका, आधी "कसे" बघू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. देणगीदार कुठे राहतो याला महत्त्व नाही, पासपोर्ट कुठला ते बघतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला ओसीआय कार्डधारक मात्र कायद्याच्या लेखी परदेशी. त्याचा एक डॉलरही एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतीय कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या ट्रस्टला घेता येत नाही. मंडळ इथे नोंदलेलं आहे, म्हणून मंडळाचा चेक परदेशीच, मग आत वर्गणी कोणाचीही असो.

२०२० च्या दुरुस्तीपासून अशी प्रत्येक रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जमा व्हावी लागते. मिळालेले पैसे दुसऱ्या संस्थेला द्यायलाही त्याच दुरुस्तीने मनाई केली, म्हणून "मोठ्या संस्थेकडे टाकू, ती इंदूरला देईल" ही सभेतली सूचना बाद धरा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आहे. कर्मचाऱ्यांच्या पगाराला पैसे देणार असू तर कोणता पगार प्रशासनात धरला जाईल आणि कोणता प्रत्यक्ष उपचारात, हे ट्रस्टच्या सीएकडून आधी लेखी घ्या. यंत्र किंवा सामान पाठवलं तरी हाच कायदा लागतो.

इथल्या करात सवलत हवी असेल तर पैसे मंडळाच्या ५०१ सी ३ (करमुक्त धर्मादाय) संस्थेमार्फतच जायला हवेत. थेट इंदूरला चेक दिला तर ती मिळत नाही. पण मग खर्चावर मंडळाचं खरोखरीचं नियंत्रण लागतं: लेखी करार, हप्ते, बिलांच्या प्रती. ज्यांचं उत्पन्न भारतातही आहे त्यांनी तिथल्या करसवलतीसाठी ट्रस्टकडून देणगीचा अधिकृत दाखला मागून घ्यावा, साधी पावती पुरत नाही.

उत्तर (मेडिकल फिजिसिस्ट, इंदूर):

काका, यंत्र देऊ नका. कारणं सविस्तर लिहितो.

लिनॅकचा, म्हणजे बाहेरून रेडिएशन देणाऱ्या यंत्राचा, निम्मा जीव त्याच्या खोलीत असतो. बीम थेट जिथे पडतो ती काँक्रीटची भिंत दोन मीटरच्या आसपास, ऊर्जा जास्त असेल तर त्याहून जाड. आराखडा आधी एईआरबीकडून (अणुऊर्जा नियामक मंडळ) मंजूर होतो, मग बांधकाम, खरेदीची परवानगी, बसवणी, चाचण्या, आणि शेवटी चालवायचा परवाना. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नेमलेला नसेल तर परवाना मिळत नाही. बांधकामात दोन चुका नेहमी होतात. ओतकाम मध्येच थांबतं आणि जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये नीट न जुळलेला थंड सांधा राहतो. किंवा मोजणीच्या केबलची नळी भिंतीतून सरळ काढतात. ती तिरकीच हवी, नाहीतर किरणांना बाहेर यायला वाट मिळते. दोन्ही चुका किरण मोजणारा सर्व्हे मीटर फिरवल्यावर कळतात, आणि तोवर प्लास्टरसुद्धा झालेलं असतं.

पुढचा खर्च कोणी विचारत नाही. यंत्र थंड ठेवणारा चिलर बंद पडला की यंत्र बंद. आतली निर्वात टिकवणारा आयन पंप रात्रंदिवस चालू लागतो, म्हणून वीज गेली तरी त्याला बॅकअप पाहिजे. वॉरंटी संपल्यावर मॅग्नेट्रॉन (सूक्ष्मलहरी तयार करणारा भाग) गेला आणि देखभालीचा करार नसला, तर पैसे उभे राहीपर्यंत रुग्ण घरी बसतात. ट्रस्टने कोटेशनमध्येच दहा वर्षांच्या देखभालीचा दर मागावा. यंत्र विकत घेऊन झाल्यावर तो दर कमी होत नाही.

आपला पैसा सर्वात कामी येईल तो ब्रॅकीथेरपीत, म्हणजे किरणोत्सारी सोर्स शरीराच्या आत नेऊन द्यायच्या रेडिएशनमध्ये. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून रेडिएशन दिल्यावर आतून डोस द्यावाच लागतो, त्याशिवाय उपचार अपुरा राहतो. त्यासाठीच्या इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य ७४ दिवसांचं. म्हणजे अडीच महिन्यांत उपचाराचा वेळ दुप्पट होतो आणि वर्षाला तीन-चार वेळा सोर्स बदलावा लागतो. तो घ्यायला पैसे नसले की चांगलं यंत्र झाकून ठेवायची पाळी येते. कोबाल्ट-६० चा सोर्स घेतला तर अर्धायुष्य ५.२७ वर्षं, त्यामुळे बदल साधारण पाच वर्षांनी. ट्रस्टने अजून यंत्र ठरवलं नसेल तर कोबाल्टचा विचार करायला सांगा. इरिडियमच ठरलं असेल तर तीन वर्षांच्या सोर्सची हमी आपण घेऊ. सोर्सवर पाटी लावता येत नाही, हे सभासदांना आधीच सांगून ठेवा.

उत्तर (रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, इंदूर):

वरच्या पत्राशी पूर्ण सहमत. त्यात एक भर घालते: खोल्या.

गर्भाशयमुखाचा पूर्ण उपचार ५६ दिवसांच्या आत संपायला हवा. त्यापुढे प्रत्येक दिवसाला आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज रेडिएशन, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, शिवाय ब्रॅकी. झाबुआ दीडशे किलोमीटर. तिथली बाई गंगवाल बसस्टँडवर उतरून रोज येऊ-जाऊ शकत नाही. आयुष्मानमध्ये कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण सोबतच्या माणसाची राहायची सोय आणि बुडालेली मजुरी कोण देणार? तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू होतात, घरी पेरणी असते, आणि बाई निघून जाते. उपचार तिथेच तुटतो.

हिशेब करा: १२ खोल्या, वर्षाचे ४,३८० खोली-दिवस. ऐंशी टक्के भरल्या आणि प्रत्येकीला ५० दिवस धरले, तरी ७० जणी उपचार पूर्ण करून जातील. जागा रुग्णालयापासून चालत जाण्याएवढी जवळ घ्या. राजवाड्याकडे स्वस्त मिळाली तरी नको, रिक्षाच्या भाड्यापायी दिवस चुकतात.

आपल्या भागात तोंडाचे कॅन्सर खूप, म्हणून स्वयंपाकघरात मोठा मिक्सर आणि बारीक गाळणी हवीच. नाकातून नळी घातलेल्याला दर दोन-तीन तासांनी सुमारे २०० मिली पातळ आहार ५० मिलीच्या सिरिंजने जातो, नंतर ३०-४० मिली पाणी. पाणी सोडायचं राहिलं किंवा डाळ न गाळता दिली की नळी तुंबते, नवी घालावी लागते, आणि भाजलेल्या घशातून ती घालणं फार क्लेशाचं असतं. हे शिकवायला एक प्रशिक्षित बाई ठेवा. तिचा पगार निधीतून द्या.

उत्तर (जैवसंख्याशास्त्रज्ञ, सभासद):

संशोधन यादीतून गाळू नका. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने ११ केंद्रांतल्या १,६०० स्त्रियांवर चाचणी केली: स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेन (बधिर करायचं औषध) टोचायचं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. २०२३ ला निकाल छापून आला. लिडोकेन कुठल्याही तालुक्याच्या रुग्णालयात असतं. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, जो नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. औषध कमी वापरायच्या चाचणीला कोणती कंपनी पैसे देईल? असे प्रश्न देणगीवर आणि सरकारी निधीवरच सुटतात.

इंदूरला आज प्रयोगशाळा नको. एक डेटा मॅनेजर आणि फोन करणारा एक माणूस, तीन वर्षांसाठी, एवढं पुरे. उपचारानंतर रुग्णाचं काय झालं हे पाच वर्षं नोंदवलं नाही तर बहुकेंद्री चाचणीत त्या रुग्णालयाला सहसा घेत नाहीत. करारात लिहा: प्रत्येक चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) क्रमांक आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आल्यावरच हप्ता.

वरच्या ऑन्कॉलॉजिस्ट ताईंना एक विनंती: ५६ दिवसांत पूर्ण झालेले आणि अर्धवट सुटलेले उपचार पहिल्या दिवसापासून मोजा. तोच आपला पहिला अभ्यास होईल.

खजिनदार:

ताई, दादा, सर्वांचे मनापासून आभार. यंत्राची सूचना मागे घेतोय. देणगीच्या फॉर्ममध्ये नागरिकत्वाचा रकाना आजच टाकतो. ट्रस्टला आज चार गोष्टी विचारणारं पत्र जाईल: एफसीआरए नोंदणीची मुदत कधीपर्यंत, सोर्स इरिडियमचा की कोबाल्टचा, चालत जाता येईल अशी जागा आहे का, आणि गेल्या वर्षी किती रुग्णांनी उपचार मध्येच सोडला. चौथ्याचं उत्तर आकड्यात आलं नाही तर डेटा मॅनेजरचा हप्ता आधी, खोल्यांचा नंतर. चालेल ना?