छताला टांगलेली तळी: कला की भारीतलं झुंबर?

बांधावरचा: बहिणीने फोटो पाठवले म्हणून हा धागा काढतोय. रंजनी शेट्टर, बंगळुरूची शिल्पकार, तिचं 'सेव्हन पाँड्स अँड अ फ्यू रेनड्रॉप्स' २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये मांडलं होतं. स्टीलचे वाकवलेले सांगाडे, त्यावर चिंचेत रंगवलेली मलमल, आणि सगळं छतापासून लोंबतंय. दिसतं छान, नाही कोण म्हणतंय. पण सात तळी म्हणे! आमच्या गावातलं तळं बुजवून तिथं मंगल कार्यालय झालं आणि हे लोक एसी हॉलमध्ये तळी टांगतायत. निसर्ग आत आणायचाय तर दोन कुंड्या आणा की. पटत नसेल तर बोला, फक्त "तुला कळत नाही" एवढं सोडून.

चिंचोका: झुंबर काय म्हणताय राव. तिच्या २००७-०८ च्या एका कामात, 'सन-स्नीझर्स ब्लो लाइट बबल्स' नाव त्याचं, स्टीलवर मलमल चिकटवायला चिंचोक्याची खळ वापरलीये. आमच्याकडे घोंगड्यांचा माग होता, आज्जी ताण्याला कुंच्याने हीच खळ लावायची, हात दिवसभर चिकट आणि वाळली की सूत कसं ताठ उभं राहायचं! तीच खळ मलमलीला लावली की कापड पानासारखं ताणून बसतं, उजेड आरपार येतो. झुंबरात हे असतंय का?

साइटवरून: मी पुण्यात इंटिरियरची कामं बघतो. क्लायंट मोबाइलवर असलाच फोटो दाखवणार आणि म्हणणार, डबल हाइट लॉबीत सेम टू सेम टांगा, बजेट मात्र विचारू नका. एका सोसायटीत आम्ही पत्र्याची पानं लेझर कट करून सोनेरी पावडर कोटिंग मारून दिली, दोन दिवाळ्यांत धुळीनं राखाडी, परांची बांधल्याशिवाय पुसता येईना, शेवटी उतरवून पंप रूममध्ये टाकली. तेव्हा भाऊ, तुमचा राग नकलेवर असेल तर मी पण तुमच्याच बाजूला.

बांधावरचा: राग अस्सलावरच आहे 😀 खळीचं वाचून भारी वाटलं, खरंच. पण मेहनत घेतली म्हणजे कला झाली का? मेहनत रुखवतातही असते.

राणीबागवाली: रुखवत 😂 कुंडीच्या मुद्द्यावर बोलते. २०२३ ला लंडनच्या बार्बिकन कला केंद्रात तिचं 'क्लाउड साँग्स ऑन द होरायझन' लागलं होतं, तेही तिथल्या काचघरात, खऱ्या झाडांमध्येच टांगलेलं. म्हणजे तुमची कुंडी तिथं आयतीच होती. आणि मी व्हिडिओ पाहिले तर मला ते तिथंच फिकं वाटलं! शेजारी खरी झावळी हलतेय म्हटल्यावर मलमलीच्या पानाकडे कोण बघणार? मेटच्या फोटोत बघा, मोकळी पांढरी भिंत, तिच्यावर सावल्या पडल्यात, एका आकाराच्या दोन-तीन, एक गडद एक पुसट. अर्धं शिल्प त्या सावल्यांतच आहे. हे कामच मुळी चार भिंतींतलं आहे, बागेत नेलं की संपलं.

चिंचोका: अजिबात नाही. काचघरात ते शोधावं लागतं, कुंपणावरच्या सरड्यासारखं. एकदा दिसलं की मग शेजारची खरी पानं पण माणूस नीट बघायला लागतो. पांढऱ्या भिंतीवर काय, काहीही उठून दिसतं, आमचं कॅलेंडर पण.

राणीबागवाली: कॅलेंडरची सावली पडते का?

साइटवरून: लायटिंगवाल्याला विचारा, तो कशाचीही पाडून देतो.

बांधावरचा: सावलीचा मुद्दा घेतला, फोटो परत उघडून बघितले, पहिल्यांदा सुटलंच होतं ते. पण नावात तळं आहे ते अजून खटकतंय, त्यावर कोणी बोललंच नाही. आणि साइटवाले, ती पंप रूममधली पानं अजून पडलीत का? एखादं फुकट मिळालं तर पुसून बाल्कनीत टांगीन म्हणतो.