पावसाळ्यात गादीला येणारा कुबट वास: उपाय सुचवावेत (खर्चमर्यादा 2,000 रुपये)

मिऱ्याबंदर
नमस्कार. आम्ही रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडे तोंड असलेल्या घरात राहतो. प्लायवुडच्या बॉक्स पलंगावर सहा इंच जाडीची फोमची गादी आहे. जूनच्या अखेरीपासून तिला कुबट वास येऊ लागला. परवा चादर बदलताना ती उचलून पाहिली, तेव्हा भिंतीकडच्या कोपऱ्यात, खालच्या कापडावर काळपट ठिपके आढळले. वरच्या बाजूस मात्र काहीही दिसत नाही. शिवाय तीन वर्षांच्या मुलाने अंथरुणात केलेल्या शूचे जुने डाग आहेत, आणि त्याला सकाळी उठल्याउठल्या शिंका येतात. नवी महागडी गादी घेण्याचा विचार नाही. एकूण खर्च 2,000 रुपयांत बसावा आणि उपाय ऊन नसतानाही करता यावेत, एवढीच अपेक्षा आहे.

वैनगंगाकाठ
उन्हासारखे औषध नाही. आमच्याकडे भंडाऱ्याला मे महिन्यात गाद्या गच्चीवर टाकतात, दुपारी उलटतात, काठीने झोडपतात आणि दिवेलागणीला खाली आणतात. त्यानंतर वर्षभर वासाचे नाव नको. माझ्या लग्नातली कापसाची गादी दोनदा पिंजून घेतली, खोळ बदलली आणि ती आजही वापरात आहे. फोमला मी गादी मानतच नाही. आपणही एक दिवस कडक ऊन दाखवावे.

मिऱ्याबंदर
सल्ल्याबद्दल आभारी आहे. मात्र येथे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. सध्या दहा मिनिटे ऊन पडले तरी शेजारी एकमेकांना फोन करून कळवतात.

कापूसकोंड्या
फोमला दिवसभर कडक ऊन दाखवणे योग्य नाही, हे वरील सदस्यांना नम्रपणे सांगू इच्छितो. अतिनील किरणांनी फोम पिवळा पडतो आणि कालांतराने त्याचा भुगा होतो. लॅटेक्सचे तर त्याहून लवकर. फोम सावलीत, वाऱ्यावर उभा ठेवावा. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी 38,000 रुपयांची नैसर्गिक लॅटेक्सची गादी घेतली. तिला आजवर कसलाही वास आलेला नाही, पाठदुखीही थांबली. एकदाच पैसे घालावेत आणि निश्चिंत व्हावे.

वैनगंगाकाठ
जी वस्तू उन्हात ठेवता येत नाही, ती 38,000 रुपयांना का घ्यावी, हे मला समजले नाही.

शिस्तीत_सदाशिव
मूळ प्रश्नाकडे वळू या. वासासाठी खाण्याचा सोडा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गादी कोरडी असल्याची खात्री करावी, सोडा पिठाच्या चाळणीने सगळीकडे सारखा भुरभुरावा, पाचसहा तास पंखा लावून ठेवावा आणि नंतर व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावा. गादी ओलसर असताना सोडा टाकला तर त्याचा लगदा होऊन तो कापडात बसतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात. व्हॅक्यूम क्लीनर नसल्यास विकत घेऊ नये, शेजाऱ्यांकडून आणावा. पुण्यात आम्ही तसेच करतो. अर्थात आणायला जाण्याची वेळ दुपारी एक ते चारच्या दरम्यान नसावी.

चांदणवेल
सोडा उत्तम. आमच्याकडे धुण्याचा सोडा असतो, तोच मी टाकते. त्याने वासही जातो आणि डागही. सोबत कापडात बांधलेल्या चार डांबरगोळ्या उशीखाली ठेवल्या, तर ढेकूणही फिरकत नाहीत. मला तर तुमच्या त्या ठिपक्यांवरून ढेकणांचाच संशय येतो आहे.

शिस्तीत_सदाशिव
कृपया धुण्याचा सोडा गादीवर टाकू नये. तो खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र अल्कली आहे. गादीत राहिलेली भुकटी घामाने भिजली की त्वचेची आग होते, आणि येथे तर लहान मूल त्या गादीवर झोपते. दोन्ही पुड्या दिसायला सारख्या असल्या तरी गुणाने सारख्या नाहीत.

दवाखान्यातून
मी बालरुग्ण विभागात काम करते, म्हणून केवळ दोन मुद्दे मांडते. पहिला डांबरगोळ्यांचा. त्यांतील नॅप्थलीनची वाफ लहान मुलांनी रात्रभर हुंगणे चांगले नाही. ज्या मुलांमध्ये जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी त्यामुळे फुटू शकतात, आणि तशी कमतरता आहे हे पुष्कळदा घरच्यांना ठाऊकही नसते. उशीखाली डांबरगोळ्या ठेवूच नयेत.

दुसरा मुद्दा शिंकांचा. सकाळच्या शिंकांमागे बुरशी असू शकते, तसेच धुळीतले सूक्ष्म किडेही. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेची ॲलर्जी होते. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर त्यांची वाढ मंदावते, परंतु कोकणात जुलैमध्ये ते घरगुती उपायांनी साधणे कठीण आहे. त्यामुळे चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवावेत. कोमट पाण्याने मळ जातो, किडे मरत नाहीत. शिंका थांबल्या नाहीत तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे.

थेम्सकाठचा_देशपांडे
इंग्लंडमध्ये ओलाव्याचा त्रास आपल्याकडच्याइतकाच आहे, असे मी अनुभवाने सांगतो. आम्ही हवेतला ओलावा शोषणारे यंत्र घेतले आहे. रोज संध्याकाळी त्याची टाकी पाण्याने भरलेली असते. भारतात असे यंत्र सुमारे 15,000 ते 20,000 रुपयांना मिळावे. चादरी 60 अंशांच्या पाण्यात धुण्याचा नियम येथेही पाळला जातो. अर्थात येथे सर्वांकडे तशी वॉशिंग मशीन असतात.

मिऱ्याबंदर
कृपया खर्चमर्यादा पुन्हा एकदा पाहावी.

कापूसकोंड्या
मर्यादा पाहिली. परंतु स्वस्त वस्तू शेवटी महाग पडते, एवढेच माझे म्हणणे होते.

वाशिष्ठीपार
मी चिपळूणचा. 2021च्या जुलैतल्या पुरात आमच्या तळमजल्यावरच्या सगळ्या गाद्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या फोमच्या गाद्या वरून खडखडीत वाळल्यासारख्या वाटत होत्या, पण गुडघ्याने दाबले की आतून गढूळ पाणी यायचे. अखेर त्या टाकून द्याव्या लागल्या. कापसाच्या दोन गाद्या उसवून आतला कापूसही टाकला, फक्त खोळी धुऊन ठेवल्या. तेव्हापासून जाड फोम या विषयावर मी कोणाचे ऐकत नाही.

आपल्याकडे पूर आलेला नाही, हे मला कळते. मग ओलावा कुठून आला? आपल्याच अंगातून. झोपेत घाम आणि वाफ खाली उतरते, गादीखाली बंद प्लायवुड असते, पलंगाच्या पेटीत जास्तीच्या रजया कोंबलेल्या असतात, आणि वाफेला बाहेर पडायला वाटच नसते. त्यात पलंग बाहेरच्या थंड भिंतीला चिकटलेला असला तर नेमक्या त्याच कोपऱ्यात ती साठते. आपले ठिपके खालच्या बाजूला, भिंतीकडे आहेत, वर एकही नाही, यावरूनच ते उघड होते. वरून कितीही सोडा टाकला तरी खालचा दमटपणा तसाच राहील.

सुताराला बोलावून प्लायवुडच्या फळीला साधारण इंचभर व्यासाची भोके वीतभर अंतराने पाडून घ्यावीत. आमच्याकडे सुताराने त्याचे 600 रुपये घेतले. पलंग भिंतीपासून हातभर सरकवावा. उठल्याबरोबर चादर घट्ट ओढून पलंगपोस घालण्याची घाई करू नये. गादी खुर्चीला टेकवून उभी करावी आणि तासभर तिच्या पोटावर पंखा सोडावा. पेटीतल्या रजया पावसाळ्यापुरत्या बाहेर काढाव्यात.

चांदणवेल
ठिपके ढेकणांचे नाहीत हे आपण कशावरून ठरवले?

वाशिष्ठीपार
ठरवलेले नाही, पण तपासणे सोपे आहे. ओल्या कापसाच्या बोळ्याने ठिपका पुसावा. ढेकणाची विष्ठा असेल तर शाई फुटल्यासारखा तांबूस-तपकिरी ओघळ येतो, कारण ते पचलेले रक्त असते. शिवाय ढेकूण शिवणीच्या दोऱ्यालगत आणि पलंगाच्या सांध्यांत रांगेने बसतात. मोकळ्या कापडावर, भिंतीच्या कडेने पसरत नाहीत.

मिऱ्याबंदर
आत्ताच पुसून पाहिले. तांबूस रंग आला नाही, करडी भुकटी निघाली आणि वास मात्र नाकात बसला. तेव्हा ती बुरशीच आहे. पेटीत खरोखरच तीन रजया होत्या. त्यांतल्या सर्वांत खालच्या रजईलाही तोच वास येतो आहे.

वैनगंगाकाठ
म्हणजे शेवटी ऊनच दाखवायला हवे.

आळूवडी
बुरशीसाठी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून फवारा मारावा. एका घासणीत काम होते. किंवा सरळ स्टीम क्लीनर घ्यावा, आमच्याकडे 9,000 रुपयांचा आहे आणि तो सोफ्यालाही चालतो.

दवाखान्यातून
ब्लीच आणि व्हिनेगर कदापि एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. ज्या कोणी वरील कृती वाचून ठेवली असेल, त्यांनी ती विसरावी. बुरशी घासण्यापूर्वी मास्क घालावा, गादी बाल्कनीत न्यावी आणि मुलाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवावे.

शिस्तीत_सदाशिव
स्टीमबद्दलही माझा आक्षेप आहे. ज्या गादीची मूळ तक्रार ओलावा हीच आहे, तिच्यात आणखी वाफ भरण्यात काय हशील? जाड फोम आतून वाळायला आधीच वेळ लागतो, त्यातून हा महिना जुलैचा.

शूच्या डागांविषयी अद्याप कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. डाग ताजा असेल तर फक्त टिपावा, चोळू नये आणि त्यावर गरम पाणी ओतू नये. जुन्या डागासाठी औषधांच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणावे. बाटलीवर बहुधा 6 टक्के किंवा 20 व्हॉल्यूम असे छापलेले असते. त्यात तितकेच पाणी घातले की ते 3 टक्क्यांवर येते. पेलाभर द्रावणात चमचाभर खाण्याचा सोडा आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब घालून डागावर हलकेच फवारावे, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे आणि राहिलेली पांढरी भुकटी ब्रशने झाडावी. गादी भिजेल इतके फवारू नये. उरलेले मिश्रण बाटलीत झाकण लावून ठेवू नये, कारण त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुगून फुटू शकते. रंगीत कापडाचा रंग उडतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून पाहावे. हा सगळा खर्च 150 रुपयांच्या आत होतो.

चांदणवेल
हे चांगले सांगितलेत. त्यासोबत खाण्याचा सोडाही टाकावा, त्याने वास जातो.

शिस्तीत_सदाशिव
तो मी यापूर्वीच सुचवला आहे.

थेम्सकाठचा_देशपांडे
जलरोधक आवरण कोणीच सुचवले नाही याचे आश्चर्य वाटते. लहान मूल असलेल्या घरात ते हवेच. मात्र नुसते प्लॅस्टिकचे नको. वर सुती कापड आणि खाली वाफ जाऊ देणारा पातळ पापुद्रा असलेले घ्यावे. येथे ते 25 पौंडांना मिळते. हवेतला ओलावा शोषणारे यंत्र घेण्याचाही पुन्हा विचार करावा.

मिऱ्याबंदर
सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते कळवते.

बुरशी मास्क घालून बाल्कनीत झाडली. पेरॉक्साइडने एक डाग गेला, दुसरा फिका झाला. त्यानंतर कोपऱ्यातली शिवण चार बोटे उसवून पाहिली, तर फोमच्या आतही करडी छटा उतरलेली दिसली. तेव्हा तो फोम ठेवण्यात अर्थ नाही असे आम्ही दोघांनी ठरवले. लॅटेक्स घेतलेले नाही, यंत्र घेतलेले नाही, सुतारालाही बोलावले नाही. बाजारातल्या गादीवाल्याकडून कापसाच्या दोन पातळ, एकेरी गाद्या भरून घेतल्या. आईकडे कापूस जादा पडून होता, त्यामुळे पिंजणावळ, खोळी आणि टाके मिळून 1,850 रुपयांत काम झाले. पलंगाची पेटी रिकामी करून फळ्या काढून ठेवल्या आहेत. रात्री चटईवर गाद्या घालतो, सकाळी घडी करून खुर्च्यांच्या पाठींवर टाकतो आणि पंखा लावतो. पातळ असल्याने मला एकटीला उचलता येतात.

कापूसकोंड्या
कापूस ओलावा फोमपेक्षाही अधिक शोषतो, आणि कोकणात पावसाळ्यात जमिनीवर झोपणे म्हणजे लादीचा सगळा गारठा गादीत घेणे. ऑगस्टमध्ये आपण पुन्हा याच धाग्यावर याल.

वाशिष्ठीपार
भोके पाडली असती तर 600 रुपयांत भागले असते, परंतु फोम आतून बुरसटला होता म्हटल्यावर माझे काही म्हणणे नाही. चटईखाली जाड प्लॅस्टिक मात्र घालू नये, लादी आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये पाणी सुटते. जुने लाकडी पाट किंवा पट्ट्यांची फळी असल्यास तीवर गाद्या घालाव्यात.

वैनगंगाकाठ
कापसाची गादी घेतलीत हे उत्तम झाले. ऑक्टोबरात ऊन पडले की दोन्ही बाजूंनी दाखवावी आणि काठीने झोडपावी.

आळूवडी
जुना फोम फेकला नसेल तर त्याचा चांगला भाग कापून सोफ्याच्या उश्यांत भरता येईल का?

मिऱ्याबंदर
नाही. तो घरात ठेवायचा नाही, म्हणूनच काढला.