प्रतिसाद: पाडव्यासाठी घराची सजावट

पाडव्याला प्लास्टिकच्या पानाफुलांच्या माळा लावाव्यात का, असं वर विचारलंय. नका लावू हो ताई. गोव्यात फाल्गुन-चैत्रात बाहेरच एवढं फुललेलं असतं की घरात फार काही करावं लागत नाही. आधी सोप्यावरचं, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवरचं, निम्मं सामान हलवा, जाड पडदे धुऊन कपाटात टाका. निम्मी सजावट तिथेच झाली.

माझं मत सुरंगीच्या सुवासिक फुलांना. हिच्या कळ्या सकाळी लवकर, उमलायच्या आत काढतात. उमलल्या की मधला पिवळ्या केसरांचा झुबका दिसतो. बाजारात वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, मिळाला तर त्यातला एक तुकडा डिचोलीच्या मातीच्या ताटलीत ठेवून बघा. सुकून तपकिरी पडला तरी वास राहतो, त्यामुळे फेकायची घाई नको. अबोलीला वास नाही, पण पांढऱ्या भिंतीपुढे तिचा केशरी रंग एकटा पुरतो. दोन्ही एकाच जागी मात्र नकोत, उगाच गर्दी.

दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, बस्स. मोहराची डहाळी फुलदाणीत घालायचा मोह होतो खरा, पण तिच्यासोबत मुंग्या घरात येतात. शिवाय तेवढे आंबे कमी!