मदत हवी आहे: वकिलाविरुद्ध तक्रार, पुरावा मराठीत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा अपघात क्लेम. वकिलाच्या एजंटाने थेट वॉर्डात येऊन कोऱ्या वकालतनाम्यावर सही घेतली, वर भरपाईत २५ टक्के. अशील गाठणं बार कौन्सिलच्या (वकिलांची नियामक संस्था) नियम ३६ विरुद्ध, टक्केवारी नियम २० विरुद्ध. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द, एवढं माहीत आहे. (दलालांच्या यादीत नाव लागलेल्याला त्याच कायद्याचं कलम ४५-अ: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, दंडही जास्तीत जास्त ५०० रुपये!)

वकील बदलून झालाय, पैसे दिलेले नाहीत. स्थानिक वकील संघटनेने बेंगळुरूला राज्य बार कौन्सिलकडे जा म्हटलं. मराठी इथली राज्यभाषा नाही, म्हणून अर्ज व्हेरिफिकेशनसह (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून) इंग्रजीत केलाय. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज बेळगावी मराठीत आहेत. त्यांचं भाषांतर स्वतः करून प्रतिज्ञापत्र जोडलं तर चालतं, की अधिकृत अनुवादकच लागतो?