सांगली-मिरजेत लाइव्ह संगीत ऐकायला कोठे जावे?

प्रश्न (विश्रामबाग):
शनिवारी पुण्याहून तीन मित्र येत असून, बिअर घेत प्रत्यक्ष वाजणारे संगीत ऐकता येईल आणि मालकापासून वेटरपर्यंत सारे आपुलकीने वागतील, अशा ठिकाणी त्यांना न्यावे असे मनापासून वाटते. काय पाहून जागा निवडावी?

उत्तर (मिरज):
प्रथम स्पीकरची मांडणी पाहावी. गेल्या महिन्यात एका परमिट रूममध्ये गिटार वाजवणारा तरुण उत्तम तयारीचा होता. परंतु स्पीकर थेट टेबलांवर रोखलेले असल्यामुळे त्याचे वादन आणि आमच्या गप्पा दोन्ही वाया गेले, याचे अजून वाईट वाटते. कलाकाराला फर्माईश करताना दोन गाण्यांमधली वेळ साधावी.

उत्तर (गावभाग):
सातलाच पोहोचा, उघड्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला सामान्यतः बंदी असते.

उत्तर (मिरज):
दुपारी मित्रांना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत अवश्य न्यावे. पंढरपूर भागातील भोपळ्यापासून तंबोरा कसा घडतो आणि जवारी लावताच, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून नीट जुळवताच, त्याचा स्वर कसा खुलतो, हे कारागिरांसमोर बसून पाहिल्यावर संध्याकाळचे ऐकणेही अधिक जागे होते. येथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.