विलान्सिको : ‘नाताळगीत’ म्हणावं का?

शब्दवेडी : एका गायकवृंदाच्या कार्यक्रमपत्रिकेचं मराठी करतेय. त्यात अंतोनी सोलेर या अठराव्या शतकातल्या कॅटलन मठवासी संगीतकाराचे दोन ‘विलान्सिको’ आहेत. कोशात अर्थ ‘ख्रिसमस कॅरोल’. ‘नाताळगीत’ लिहून मोकळं व्हावं का? आणि या गायनाला ‘वृंदगान’ चालेल?

मंद्रसप्तक : नाताळगीत नको. आजच्या स्पॅनिशमध्ये तो अर्थ बरोबर आहे, पण सोलेरच्या काळाला तो अपुरा पडतो. हा ओलोत गावचा, जन्म १७२९. लहानपणी मोन्सेरात मठाच्या बालगायकांच्या शाळेत शिकला, १७५२ मध्ये माद्रिदजवळच्या एस्कोरिअल मठात दाखल झाला आणि १७८३ मध्ये वारला तोही तिथेच. मठ संत लॉरेन्सच्या नावाचा, त्यामुळे नाताळाबरोबर त्या संताच्या सणासाठीही त्याने विलान्सिको रचले. तो सण १० ऑगस्टला! भर उन्हाळ्यातल्या गाण्याला नाताळगीत कसं म्हणणार?

शब्दवेडी : मग ‘भक्तिगीत’?

मंद्रसप्तक : फार मिळमिळीत होईल. मूळ शब्द ‘विल्यानो’, म्हणजे खेडूत. आधी ही लौकिक गाणी होती, मग चर्चमध्ये शिरली. नाताळच्या रात्रप्रार्थनेत एकेका वाचनानंतर लॅटिन प्रतिसादगीत यायचं, तिथे हे लोकभाषेतलं गाणं येऊन बसलं. ध्रुवपद वृंदाचं, कडवी बहुधा एकट्यादुकट्याची. अठराव्या शतकात त्यात इटालियन ऑपेरातली पठणवजा गायकीही आली. शिवाय पात्रं, बोलीभाषा, चक्क विनोद. सोंग घेऊन देवाचं सांगायचं, या अर्थाने भारुडाचा चुलतभाऊच. (पत्रिकेत मात्र ‘भारूड’ लिहू नका, वाचणारा थेट नाथांकडे जाईल.) माद्रिदच्या राजचॅपेलने १७५० मध्ये हे प्रकरण बंद करून लॅटिन गीतं परत आणली. एस्कोरिअलमध्ये ते चालू राहिलं आणि सोलेरने शंभराहून अधिक लिहिले. लोक त्याला हार्प्सिकॉर्डसारख्या पट्ट्यांच्या वाद्यांसाठीच्या सोनातांपुरता (वाद्यरचनांपुरता) ओळखतात, हे मला तरी अन्यायाचं वाटतं.

वसईकर : वृंदगानाबद्दल. तो शब्द वाचून सगळे मिळून एकच चाल गातायत असं वाटतं. इथे काही रचनांत दोन गट, मिळून आठ स्वरपंक्ती, आणि प्रत्येकीची चाल वेगळी. ‘बहुस्वरी वृंदगान’ म्हणा. आमच्या चर्चमध्ये सरळ ‘कॉयर’ म्हणतात, पण तो झाला गाणाऱ्यांचा गट. आणि पत्रिकेत मोटेट, म्हणजे चर्चमधलं बहुस्वरी भक्तिगीत, असेल तर ‘मोतेत’ लिहा. गोव्यात ईस्टरआधीच्या उपवासकाळात लॅटिन आणि कोंकणी मोतेत व्हायोलिन-क्लॅरिनेटच्या साथीने गातात, म्हणजे आपल्या शेजारी रुळलेला शब्द आहे.

शब्दवेडी : मोतेत आहे एक, बरं झालं. मग असं लिहू? ‘विलान्सिको : चर्चमधल्या सणाच्या प्रार्थनेत गायचं लोकभाषेतलं गीत, ध्रुवपद वृंदाचं, कडवी मुख्यतः एकल गायकांची.’

मंद्रसप्तक : उत्तम. एवढं एकदा लिहा आणि पुढे सगळीकडे विलान्सिकोच ठेवा. अनेकवचनही तेच, ‘विलान्सिकोज’ नको.

वसईकर : आणि ‘पाद्रे सोलेर’ असा उल्लेख आला तर ‘पाद्रे’ हे त्याचं नाव समजू नका. आपला ‘पाद्री’ तोच.